मागचा ट्रे

“तुमच्या बिझनेसला किती डाउनटाइम चालेल, मॅडम?”

त्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला तीन कंपन्यांच्या तीन माणसांनी विचारला, आणि तिघांनीही हॉटेलात ‘तिखट किती टाकू’ विचारावं तितक्या सहज. डाउनटाइम म्हणजे यंत्रणा बंद पडून राहण्याचा वेळ. मी भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या रोपांच्या नर्सरीत कामाला आहे. आमच्याकडे ट्रेमधलं झेंडूचं रोप पंचविसाव्या दिवशी लावायला तयार असतं आणि पस्तिसाव्या दिवशी म्हातारं झालेलं असतं. त्याला डाउनटाइम वगैरे काही कळत नाही. पहिल्याला मी हे नीट समजावून सांगितलं, दुसऱ्याला थोडक्यात सांगितलं आणि तिसऱ्याला म्हटलं, “लिहा तुम्हाला हवं ते.”

नर्सरी वरवंडच्या पुढे, सोलापूर हायवेला लागून आहे. रोपं सगळी तिथेच तयार होतात. शिरूरच्या बाजूच्या शेतकऱ्यांसाठी न्हावऱ्याला एक छोटं काउंटर आहे, तिथे फक्त बुकिंग घेतात. मी दौंडहून रोज स्कूटीवर येते. सात वर्षांपूर्वी बुकिंगचं सॉफ्टवेअर मीच लिहिलं. कुणाला कुठल्या वाणाची किती रोपं हवीत, बी कधी टाकलं, गाडी कधी भरायची, सगळं त्यात. आमच्याकडे रोप चुकलं तर बदलून देता येतं, पण तारीख चुकली तर काहीच देता येत नाही. म्हणून ही माहिती म्हणजे आमचा जीव.

आणि हा जीव सात वर्षं एका खोकड कॉम्प्युटरमध्ये होता. ट्रे भरायला कोकोपीट वापरतात, नारळाच्या काथ्याचा भुसा. तो वाळला की हवेत उडतो आणि जिथे जाऊ नये तिथे जातो. एप्रिलमध्ये तो त्या कॉम्प्युटरच्या पंख्यात इतका साठला की एका सकाळी मशीनने धूर काढला. तीन दिवस आम्ही वहीवर बुकिंग घेतलं. चौथ्या दिवशी दौंडच्या मेकॅनिकने ते उठवलं आणि मला बजावलं, “ताई, आता याच्यावर भरवसा ठेवू नका.”

नर्सरीचे मालक साठीचे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही. आप्पा त्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, “ह्ये आता दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधा. आपण रोपं सांभाळू, त्यांनी कॉम्प्युटर सांभाळावा.”

मॅनेज्ड डेटाबेस सेवा म्हणजे नेमकं हेच. माहिती आपली, मशीन त्यांचं. ते चालू ठेवायचं, रोज प्रत काढून ठेवायची, दुरुस्त्या करायच्या, हे सगळं त्यांनी करायचं. आपण महिन्याला भाडं भरायचं. ऐकायला इतकं सोपं आहे की यात डोकं उठण्यासारखं काय असेल, असं मलाही वाटलं होतं.

वहीवर बुकिंग चालू होतं त्या तीन दिवसांतच कारेगावच्या काकू आल्या होत्या. पासष्टीच्या, नऊवारी, हातात पिशवी. कारेगाव म्हणजे रांजणगावच्या कंपन्यांच्या कुशीतलं गाव. तिथे आता शेतात पीक कमी आणि कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या जास्त उगवतात. काकूंच्या चारी बाजूंनी खोल्या झाल्या होत्या, मधे त्यांचं पंचवीस गुंठ्यांचं रान तेवढं उरलं होतं. दरवर्षी त्या न्हावऱ्याच्या काउंटरवर बुकिंग करत, पण त्या वर्षी दोन बस बदलून वरवंडला आल्या, मला तोंडाने सांगायला.

“साठ ट्रे झेंडू. केशरी. आन् ताई, तारीख नीट लिवा. दसऱ्याला फूल हातात पायजे.”

“लिहिते की, काकू.”

“तसं न्हाई. दोन वर्सं झाली, कवा पाऊस तर कवा रोग, दसरा साधलाच न्हाई. पोरं म्हंत्यात खोल्या बांधू. म्या म्हटलं, यंदाचा झेंडू बघू. दसरा साधला तर रान माझं. न्हाई साधला तर काढा पाया.”

मी वहीत लिहिलं आणि कॉम्प्युटर उठल्यावर पहिलं बुकिंग त्यांचंच चढवलं. चढवताना मोबाईल नंबर बघितलाही नाही. काकूंनी जो सांगितला तो टाकला.

मग सुरू झाली तुलना. मी एक तक्ता केला, बावीस ओळींचा. मशीन कुठल्या शहरात आहे, प्रती किती दिवसांच्या ठेवतात, एक मशीन बसलं तर दुसरं आपोआप उभं राहतं का, बिल कसं लावतात, सोडून जायचं म्हटलं तर आपली माहिती आपल्याला परत कशी देतात. तक्ता बघून मला स्वतःचा अभिमान वाटला. तो एका आठवड्यात उतरला.

पहिली कंपनी परदेशी, अवाढव्य. त्यांचं सगळं होतं, इतकं होतं की सापडत काहीच नव्हतं. भाव काढायला एक पान, त्या पानाचा अर्थ समजायला दुसरं पान, आणि शेवटी बारीक अक्षरात की खरं बिल वापरावर ठरेल. मी त्यांच्या माणसाला फोनवर विचारलं, साधारण किती? तो म्हणाला, “इट डिपेंड्स.” हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून एका तासात इतक्या वेळा ऐकले की मलाच झोपेत ऐकू यायला लागले.

तिसरी कंपनी पुण्याची. त्यांचे साहेब स्वतः गाडी घेऊन आले, येताना पेढे आणले आणि आप्पांच्या पाया पडले. मॅनेज्ड म्हणजे काय-काय मॅनेज करता, विचारलं तर म्हणाले, “काहीही झालं तरी मला पर्सनली फोन करा.” प्रती कुठे ठेवता? “आमच्याकडेच.” कशा ठेवता? “एकदम सेफ.” माझ्या बावीस ओळींपैकी एकोणीस ओळींत त्यांनी स्वतःचा मोबाईल नंबर दिला असता.

मधली कंपनी त्यातल्या त्यात बरी. भाव एका ओळीत, मशीन मुंबईला, प्रती चौदा दिवसांच्या. शिवाय माहिती मागच्या कुठल्याही मिनिटाला परत नेता येते म्हणे. पण तिचंही एक होतंच. मशीनची दुरुस्ती ती आठवड्यातून एकदा करणार, आणि त्यासाठी त्यांनी परस्पर वेळ निवडली होती पहाटे चार ते सहा, कारण तेव्हा ‘बिझनेस’ बंद असतो. आमच्याकडे उन्हाच्या आधी रोपं शेतावर पोचावीत म्हणून गाड्या भरतात त्याच पहाटे चार ते सहा! हे कळवायला मी चॅटवर लिहिलं. उत्तर आलं की युवर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस. पुन्हा लिहिलं. दुसऱ्याच माणसाने विचारलं, तुमची अडचण काय आहे? चौथ्या वेळी मी आप्पांचा राग, माझा राग आणि स्कूटीचं पंक्चर, सगळं त्या चौकटीत ओतलं, तेव्हा कुठे वेळ दुपारी दोनची झाली.

घरी वेगळीच तऱ्हा. अब्बांनी आयुष्यभर दौंडला शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड केल्या. रात्री जेवताना मी लॅपटॉप उघडला की ते विचारायचे, “अपनी चीज दूसरे के घर कायकू रखना?” मी सांगायची की आजकाल सगळे असंच करतात. ते म्हणायचे, “उनके दुकान में पानी घुसा तो?” मी म्हणायची, दोन जागी ठेवतात. “दोनों में घुसा तो?” मग मी लॅपटॉप मिटायची.

आप्पांनी मात्र माझ्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते कोकोपीटची वीटसुद्धा बादलीत भिजवून, पिळून, वास घेऊन विकत घेणारे. त्यांनी तिन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचारला. “तुमचा मागचा ट्रे कुठाय?”

हा प्रश्न त्यांना कळण्यासाठी आमची रीत माहीत हवी. शेतकऱ्याची रोपं गाडीत चढली की त्याच लॉटमधला एक ट्रे आम्ही देत नाही. तो मागे ठेवतो, लॉटची, शेतकऱ्याचं नाव लिहिलेली काडी त्यात खोचून, त्याच्या शेतातली रोपं जीव धरेपर्यंत. उद्या तो ओरडत आला की तुमची रोपंच खराब होती, तर मागचा ट्रे बघायचा. तो चांगला असेल तर रोप चांगलं होतं, चूक दुसरीकडे आहे. त्याचं रोप मेलं तरी मागचा ट्रे आप्पा कुणाला देत नाहीत, सख्ख्या भावाला दिलेला नाही.

पुण्याचे साहेब हसून म्हणाले, “नर्सरी तुमची, ट्रे तुमच्याकडेच असणार.” परदेशी कंपनीच्या माणसाला मी ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला. मधल्या कंपनीच्या मुलीला मात्र कळलं. ती म्हणाली, बॅकअप म्हणताय ना, थांबा, दाखवते. तिने एक चाचणीची जागा दिली, मला त्यात बुकिंगं भरायला लावली, मग ती सगळी पुसायला लावली. काही मिनिटांनी सगळी जिथल्या तिथे परत. आप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवून एक-एक नाव वाचलं आणि म्हणाले, “ह्यांच्याकडं मागचा ट्रे हाय. ह्यांनाच घ्या.”

बावीस ओळी, दीड महिना, आणि निर्णय एका ट्रेवर झाला. मला राग आला, पण निर्णय बरोबर होता, त्यामुळे तो रागही कुणावर काढता येईना.

आता मी जे केलं ते सांगते. ते कुठल्याही कंपनीने केलेलं नाही.

जुनी माहिती नव्या जागी न्यायच्या आधी मला ती स्वच्छ करायची होती. सात वर्षांचा कचरा साठला होता. एकच माणूस चार वेळा, चार तऱ्हेने लिहिलेला. कधी नुसतं आडनाव, कधी ‘पाटसचे सर’, कधी ‘मिरचीवाले’. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मग मला युक्ती सुचली. माणसं नाव कसंही सांगतील, मोबाईल नंबर तर एकच असतो ना? म्हणून नियम केला की एक नंबर म्हणजे एक शेतकरी. एका नंबरावर चार नावं दिसली तर सगळ्यात नवं नाव ठेवायचं आणि बाकीची त्यात मिसळून टाकायची. हे माझ्या लॅपटॉपवर मी एका दुपारी केलं. वरवंडच्या काउंटरची बुकिंगं काढून तपासली तर सुरेख. चार-चार ‘मिरचीवाले’ एक झाले होते. मी खुशीत भजी मागवली.

वरवंडचे शेतकरी स्वतःच्या गाडीने येतात आणि स्वतःचा नंबर देतात. शिरूरच्या बाजूचे लांबचे. त्यांची रोपं आमचे टेम्पोवाले मामा नेतात, दहा-बारा जणांची एका खेपेत. शेतात फोन उचलला जात नाही, रोप तयार झाल्याचा निरोप मामांनाच द्यायचा असतो, म्हणून तिकडची सगळी माणसं बुकिंग करताना मामांचा नंबर सांगतात. काकूंनीही मला तोच सांगितला होता. न्हावऱ्याच्या काउंटरवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सात वर्षं सॉफ्टवेअर चालवूनही मी त्या काउंटरवर कधी एक दिवस बसले नव्हते.

जुलैअखेर आम्ही नव्या जागी गेलो. झेंडूचं बी तेव्हा ट्रेमध्ये उगवलेलं होतं. काय सांगू, पहिले दहा दिवस स्वर्ग होता. स्क्रीन झटकन उघडायची, वीज गेली तरी माहिती मुंबईत सुखरूप, गाडी भरायची स्लिप मोबाईलवर. मी सगळ्यांना फर्मान काढलं की आता गाडी भरताना फक्त स्लिप बघायची. लॉटच्या काडीवर पेन्सिलने लिहिलेली नावं वाचत बसायचं नाही, त्यात हजार चुका असतात.

बी पेरणाऱ्या बायकांच्या मुकादम म्हणजे आक्का. काड्या त्याच लिहितात. एका पहाटे पाचला त्यांचा फोन आला. मी गॅसवर चहा ठेवत होते.

“ताई, स्लिपवर न्हावऱ्याच्या बागायतदाराचं नाव हाय. एकशेवीस बी त्यांचं आन् साठ बी त्यांचं. पर ह्या साठांच्या काडीवर येगळंच नाव हाय.”

“आक्का, काडी नका बघू म्हटलंय ना.”

“न्हाई, पर मला वाटतंय ही कारेगावच्या—”

“आक्का! स्लिपवर काय आहे?”

“बागायतदारांचं.”

“मग झालं तर.”

“बरं,” आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीचं ‘बरं ताई’ नव्हतं, नुसतं ‘बरं’ होतं. मी चहा गाळला.

मामा असते तरी वाचलो असतो, त्यांना घरटी माणूस पाठ आहे. पण मामा त्या दिवशी मेहुण्याच्या काढीव मुहूर्ताच्या लग्नाला गेले होते. टेम्पोवर बदली ड्रायव्हर होता, रांजणगावकडचा, हिंदी बोलणारा. त्याने स्लिपवरच्या पत्त्यावर एकशे ऐंशी ट्रे उतरवले. बागायतदारांनी एकशेवीसच मागितले होते, पण बुकिंगच्या वेळी ते म्हणाले होते, उरली रोपं तर पाठवून द्या. त्यांना वाटलं, उरली असतील. मजूर होतेच. संध्याकाळपर्यंत सगळं रान लावून झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू नर्सरीच्या दारात. सोबत त्यांनी ठरवलेली पिकअप आणि दोन बायका.

“दोन दिस वाट बघितली. मामाला फोन केला तर लग्नात नाचतोय. म्हटलं आपणच आणावं. भरा, ताई.”

मी नंबर टाकला. बागायतदारांचं नाव आलं, मामांच्या नंबरावरचं सगळ्यात नवं. नाव टाकलं. काहीच आलं नाही. काकूंचं नाव आमच्या यंत्रणेत नव्हतं. पुन्हा टाकलं, स्पेलिंग बदलून टाकलं. माझ्या मागे येऊन आक्का उभ्या राहिल्या.

मग तो प्रसिद्ध बॅकअप मी वापरला. माहिती मागे नेली, आठ दिवस मागे. काही मिनिटांत सगळं परत आलं, एक अक्षर न हलता, जसंच्या तसं चुकीचं. कारण चूक तिथे जायच्या आधी झाली होती, माझ्या लॅपटॉपवर, भज्यांच्या दुपारी. त्यांनी माझी चूक चौदा दिवस नीट सांभाळून ठेवली होती. मग मी कोपऱ्यातला जुना खोकड कॉम्प्युटर लावला. धापा टाकत तो चालू झाला आणि त्यात काकू होत्या. साठ ट्रे, केशरी, दोन दिवसांपूर्वीची तारीख. त्या रात्री बसून मी त्यावरून सगळी माहिती दुरुस्त केली. मामांच्या नंबरावरची सगळी माणसं वेगळी केली. इतरांची रोपं अजून जागेवर होती, ती वाचली.

माहिती परत आणता आली. रोपं लागून गेली होती.

आप्पांनी बागायतदारांना फोन केला. ते बिचारे वाईट वाटून म्हणाले, उपटून देतो. पण उपटलेलं रोप पुन्हा लावून दसऱ्याला फूल देत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मग दौंडपासून शिरूरपर्यंत माहितीतल्या सगळ्या नर्सऱ्यांना मी फोन केले. त्या आठवड्यात कुणाकडेच बुकिंग न झालेला झेंडू नव्हता. एका ठिकाणी होता, काकूंना घेऊन आम्ही तिथे गेलो. रोपं उंच, पिवळी पडलेली. काकूंनी एक रोप मुळासकट वर काढून पाहिलं आणि तसंच परत खोचलं. नवं बी टाकायचं तर रोप व्हायलाच महिना जाणार, म्हणजे फूल दसऱ्यानंतर.

परत आल्यावर मी त्यांना सांगितलं. सिस्टिम, सर्व्हर, कंपनी हे सगळे शब्द तोंडाशी आले होते. मी म्हटलं, “काकू, माझ्यामुळे झालं. मी तुमचं नाव दुसऱ्याच्या नावात घातलं. आक्कांनी सांगितलं तेव्हाही ऐकलं नाही.”

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, “माझा मागचा ट्रे असंल की.”

होता. मांडणीवर, काडीवर आक्कांच्या अक्षरात त्यांचं नाव. अठ्ठ्याण्णव रोपं, हाताने निवडून लावल्यासारखी एकसारखी.

“त्यो द्या मग.”

मी आप्पांकडे पाहिलं. मागचा ट्रे कुणाला द्यायचा नाही हा त्यांचाच नियम. आप्पा उठले, स्वतः ट्रे उचलला, पिकअपच्या हौद्यात नेऊन ठेवला. साठ ट्रेंसाठी आणलेल्या गाडीत तो एक ट्रे. बायका त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या, तो सरकू नये म्हणून.

आप्पांनी माझा हिशेब लगेच काढला नाही. आठवड्याने म्हणाले, “उद्यापासनं म्हैनाभर न्हावऱ्याच्या काउंटरवर बसा.” मी बसले. चौफुल्यावरून केडगाव, पारगावचा पूल, न्हावरा, रोज जाऊन-येऊन कंबर मोडली. पण कोण कुणाचा नंबर देतं, कुणाचं नाव कोण सांगतं, हे मी तिथे शिकले. माझ्या बावीस ओळींत ही ओळच नव्हती. आता स्लिपवर काडीचं नाव वेगळं छापून येतं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय आक्का गाडी सोडत नाहीत. मी सोडा म्हटलं तरी नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा असते. फवारणीचे पंप, ट्रे भरायचं मशीन, टेम्पो, आणि सात वर्षांपासून कॉम्प्युटरसुद्धा. कीबोर्डमधला भुसा झाडून काढायचं काम माझ्याकडे असतं. मी ब्रश घेऊन बसले होते, तेवढ्यात मामा टेम्पो लावून आत आले. हातात प्लास्टिकची पिशवी.

“कारेगावच्या काकूंनी दिलीत फुलं. म्हनल्या, ताईच्या कॉम्प्युटरला घाला.”

मी विचारलं, “टोमणा मारला का हो?”

“न्हाई वो. सरळच म्हनल्या. म्हनल्या, दसरा हाय, तिच्या हत्यारालाबी फूल पायजे.”

“आणि रान?”

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “खोल्यांचं कॉलम उभं राह्यलं की. पाण्याच्या टाकीपाशी झेंडूची एक वळ तेवढी ठेवलीया. तिथलीच ही फुलं.”

आप्पांनी विचारलं, नवा डेटाबेस मुंबईला आहे तर हार घालायचा कुठे? मी स्क्रीनकडे बोट केलं. स्क्रीनवर त्यांचा आठवड्याचा मेल उघडा होता की तुमची सेवा विनाखंड चालू आहे, सगळं व्यवस्थित आहे. आक्कांनी हार ओवून माझ्या हातात दिला. “तुमीच घाला, ताई.”

फुलं मोठी होती, गच्च, देठापर्यंत केशरी. मागचा ट्रे आम्ही ठेवतो तो रोप चांगलं होतं की नाही ते कळावं म्हणून. रोप चांगलं होतं.